तीन मुकुट, सहा बाण आणि मुंडकं राखणारा लांडगा : बरी सेंट एडमंड्सचं नगरचिन्ह

निळीशाई

मंडळी, इंग्लंडमधल्या सफोक काउंटीत बरी सेंट एडमंड्स नावाचं चाळीसएक हजार वस्तीचं एक गाव आहे, त्याच्या कोट ऑफ आर्म्सवर हा धागा. गावाच्या मानाने चिन्ह फारच नाट्यमय आहे. ढाल निळी, तिच्यावर सोन्याचे तीन मुकुट, वर दोन आणि खाली एक. प्रत्येक मुकुटातून दोन बाण आरपार गेलेत, तिरपे, फुलीसारखे एकमेकांवर, टोकं खाली. इथपर्यंत ठीक आहे, पण ढालीच्या वर बघितलं तर एक लांडगा बसलाय आणि त्याच्या पुढच्या दोन पंजांत माणसाचं तोडलेलं मुंडकं आहे, मुकुटासकट! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की लांडगा आता ते खाणार. तो खात नाहीये, तो राखण करतोय.

गोष्ट थोडक्यात अशी. एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा (सफोक ज्यात येतं त्या जुन्या राज्याचा) राजा, गादीवर आला साधारण ८५५ मध्ये. ८६९ साली डेन लोकांची, म्हणजे वायकिंगांची, मोठी फौज त्याच्या राज्यात घुसली. कथा सांगते की त्यांनी त्याला पकडलं, धर्म सोड आणि आमचा मांडलिक हो म्हणाले, तो नाही म्हणाला, मग झाडाला बांधून बाणांनी विंधलं आणि शेवटी डोकं उडवलं. धडाबरोबर डोकं पुरता येऊ नये म्हणून ते जंगलात काटेरी झुडपांत फेकून दिलं. नंतर त्याची माणसं हाका मारत शोधायला निघाली, कुठे आहेस, कुठे आहेस, तर ते डोकंच उत्तर द्यायला लागलं, 'हिक, हिक, हिक', म्हणजे इथे, इथे, इथे. जाऊन बघतात तर एक मोठा लांडगा ते पंजांत धरून बसलेला. त्याने मुकाट्याने डोकं दिलं, अंत्ययात्रेच्या मागे मागे गावापर्यंत आला आणि मग परत जंगलात निघून गेला. पुढे एडमंड संत ठरला, त्याची समाधी या बरी गावातल्या मठात होती.

आता माझा प्रश्न. हे चिन्ह गावाला अधिकृतपणे मिळालं १६०६ साली. म्हणजे आठव्या हेन्रीने मठ बंद करून, संतांच्या समाध्या फोडून दोन पिढ्या उलटून गेल्यावर. इंग्लंड तेव्हा कट्टर प्रोटेस्टंट, संतांची पूजा, अवशेषांची पूजा सगळं बाद. त्याच्या आदल्याच वर्षी गनपावडर प्लॉट (राजासकट पार्लमेंट उडवायचा कॅथलिकांचा कट) पकडला गेलेला, म्हणजे कॅथलिक शब्द नुसता उच्चारला तरी लोक दचकायचे. आणि अशा वेळी एका गावाला सरकारी शिक्क्यानिशी थेट संताचे बाण आणि चमत्कारी लांडगा दिला जातो? हे कसं काय जमलं?

---

शिळोप्या

लांडगा आवडला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

रानजाई

छान धागा निळीशाई. गोष्टीत दोनतीन गोष्टी राहिल्यात त्या मी टाकते, कारण चिन्ह समजायला त्या लागतात.

ही सगळी कथा पहिल्यांदा लिहून काढली आबो नावाच्या एका फ्रेंच साधूने, फ्लरीच्या मठातला, तो इंग्लंडमध्ये दोन वर्षं शिकवायला आला होता तेव्हा, साधारण ९८५ च्या पुढेमागे. बाणांबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचलं की डोळ्यासमोर उभंच राहतं, तो म्हणतो इतके बाण रुतले की राजा साळिंदरासारखा दिसायला लागला. आणि लगेच सेंट सबॅस्टियनचं नाव घेतो. ही तुलना मुद्दाम आहे. सबॅस्टियन हा रोमचा हुतात्मा, त्यालाही बाणांनीच विंधलं होतं, सगळ्या ख्रिस्ती जगाला माहीत असलेला. म्हणजे आबो सांगतोय की आमचा हा ईस्ट अँग्लियाचा राजा त्याच रांगेत बसतो.

ख्रिस्ती चित्रकलेत हुतात्म्याची ओळख कशावरून पटते तर ज्याने त्याचे हाल केले किंवा त्याला मारलं त्या साधनावरून. सेंट लॉरेन्स म्हटलं की लोखंडी जाळी, कारण त्याला जाळीवर भाजला. सेंट कॅथरीन म्हटलं की खिळ्यांचं चाक. तसे एडमंडचे बाण. लिहितावाचता न येणाऱ्या माणसालाही मूर्ती कोणाची ते कळलं पाहिजे ना, चेहरे तर सगळ्यांचे सारखेच काढलेले असायचे. त्यामुळे मुकुटातून बाण दिसले की विषय संपला, हा एडमंडच.

आणि अजून एक, मला सगळ्यात जास्त आवडणारा तपशील. पुढे शव बघितलं तेव्हा म्हणे डोकं धडाला आपोआप जोडलं गेलं होतं आणि गळ्याभोवती फक्त एक बारीक लाल रेघ उरली होती, दोऱ्यासारखी. शव कुजलंच नव्हतं. आणि ऑस्वेन नावाची एक बाई दरवर्षी त्याचे केस कापायची आणि नखं काढायची, म्हणजे मेल्यावरही नखं वाढत होती! १५३५ साली राजाचे अधिकारी मठाची तपासणी करायला आले तेव्हा त्यांनी अवशेषांची यादी केली, त्यात सेंट एडमंडची कापलेली नखं चक्क नोंदलेली आहेत. सेंट लॉरेन्सला ज्यावर भाजलं ते कोळसेही होते त्यात.

---

सरळसोट

हे सगळं वाचायला मजा येते पण जरा पाय जमिनीवर आणूया. त्या काळाच्या जवळची नोंद म्हणजे अँग्लो सॅक्सन क्रॉनिकल. त्यात काय आहे? त्या हिवाळ्यात राजा एडमंड त्यांच्याशी लढला, डेन जिंकले, राजाला मारलं आणि सगळा मुलूख घेतला. संपलं. झाड नाही, बाण नाहीत, लांडगा तर नाहीच. लढाईत मारला गेला असंही त्यातून वाचता येतं.

मग सव्वाशे वर्षांनी एक फ्रेंच साधू येतो आणि त्याला सगळे संवाद पाठ? तो म्हणतो हे मी आर्चबिशप डन्स्टनकडून ऐकलं, डन्स्टनने तरुणपणी राजाच्या दरबारात एका म्हाताऱ्याकडून ऐकलं आणि तो म्हातारा म्हणे एडमंडचा शस्त्र वाहणारा सेवक होता. अशी सांगोवांगी साखळी. आणि ज्या मठाच्या फायद्याची ती गोष्ट आहे त्या मठात यात्रेकरूंचा पूर. १५३८ साली समाधी फोडली तेव्हा अधिकाऱ्यांनी वर कळवलं की समाधी इतकी भरभक्कम की मोडताना फार त्रास झाला, आणि पाच हजार मार्कांच्या (मार्क म्हणजे तेव्हाचं पैशाच्या हिशोबाचं माप) वर सोनंचांदी निघालं. एवढा पैसा आला की लांडगा बोलतो पण आणि मुंडकं पण बोलतं.

माझं म्हणणं साधं आहे, चिन्हात धार्मिक प्रतीक वगैरे शोधण्यापेक्षा ती मध्ययुगीन जाहिरात आहे असं म्हणा.

---

निळीशाई

सरळसोट, आबोच्या साखळीबद्दल शंका मलाही आहे, पण 'सव्वाशे वर्षांनी मठाने रचलं' हे पण बसत नाही. कारण मठ नंतरचा, बेनेडिक्टाइन मठ कॅन्यूट राजाने १०२० मध्ये स्थापला. एडमंडला संत मानणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि त्याचा पुरावा पोथीत नाही, नाण्यांत आहे.

८९५ च्या आसपासपासून पुढची पंधरावीस वर्षं ईस्ट अँग्लियात चांदीची नाणी पाडली जात होती, त्यावर लॅटिनमध्ये 'संत एडमंड राजा' असं लिहिलंय. मधोमध एक मोठं ए अक्षर, मागे क्रूस. आता तिथे तेव्हा राज्य कोणाचं होतं? डेन लोकांचंच! ज्यांनी त्याला मारलं त्यांच्याच राज्यात, तीस वर्षांच्या आत, त्याच्याच नावाचं नाणं. मधे गुथ्रम या डेन पुढाऱ्याने ८७८ मध्ये आल्फ्रेड राजाकडून हरल्यावर बाप्तिस्मा घेतला होता आणि तोच पुढे ईस्ट अँग्लियात राज्य करायला आला, त्यामुळे ख्रिस्ती व्हायची प्रक्रिया सुरू झालेली. तरीपण. १८४० साली लँकशायरमध्ये रिबल नदीच्या काठी कर्डेल इथे वायकिंगांचं मोठं घबाड सापडलं, सुमारे सात हजार नाणी, त्यातली अठराशेच्या आसपास या एडमंडची.

म्हणजे ज्यांनी मारलं त्यांनाच तो संत लागला, कारण त्या मुलखातल्या लोकांवर राज्य करायचं तर त्यांचा राजा आपला करून घेणं सोयीचं. हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे हा प्रकार.

---

टाकसाळे_भाऊ

नाण्यांचं बरोबर. फक्त सरळसोटांच्या बाजूने एक सांगतो, नाण्यावरही बाण नाहीत, मुकुट नाही, लांडगा नाही. फक्त नाव. चित्र नंतर आलं.

---

ढालकरी

थोडं हेराल्ड्रीच्या, म्हणजे असल्या ढाली आणि चिन्हांच्या शास्त्राच्या, बाजूने लिहितो, माझा जुना छंद आहे, लांबलं तर माफ करा.

एक तर ढाल आणि वरचा लांडगा हे दोन वेगळे भाग आहेत. मुख्य वस्तू ढाल. लांडगा जिथे आहे त्याला क्रेस्ट म्हणतात, खऱ्या वापरात तो शिरस्त्राणावर बसायचा. बरेच लोक सगळ्यालाच क्रेस्ट म्हणतात, चालतं, पण इथे फरक महत्त्वाचा आहे कारण दोन्ही भाग दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ढालीवर सगळा राजेपणा आहे आणि चमत्कार आहे तो वर क्रेस्टमध्ये.

रंगांचा नियम असा की सोनं आणि चांदी हे धातू, लाल निळा काळा हिरवा हे रंग, आणि रंगावर रंग किंवा धातूवर धातू ठेवायचा नाही. कारण सरळ आहे, लढाईच्या धुळीत लांबून ओळखू आलं पाहिजे. निळ्यावर सोनं अगदी नियमात बसतं आणि फार उठून दिसतं. निळ्यावर तीन सोन्याचे मुकुट हे ईस्ट अँग्लियाच्या राज्याचं चिन्ह म्हणून नंतरच्या काळात मानलं गेलं. नंतरच्या काळात म्हणतोय कारण एडमंडच्या वेळी असली चिन्हं अस्तित्वातच नव्हती, हेराल्ड्री सुरू झाली बाराव्या शतकात. मध्ययुगात लोकांनी जुन्या राजांना, संतांना, अगदी आर्थर राजालासुद्धा मागाहून ढाली वाटून टाकल्या, तसं हे. (आर्थरलाही तीन मुकुटच दिलेत, त्यामुळे चित्रांत गोंधळ होतो.)

मग यात धर्म कुठे आला? तीन या आकड्यात. बरीच्याच मठात जॉन लिडगेट नावाचा कवी साधू होता. सहावा हेन्री राजा लहान असताना १४३३ च्या नाताळापासून दुसऱ्या वर्षीच्या वसंतापर्यंत मठात मुक्कामाला होता, त्याच्यासाठी लिडगेटने एडमंडचं चरित्र काव्यात लिहिलं. त्यात तो तीन मुकुटांचा अर्थ लावतो: एक राजेपणाचा, एक हौतात्म्याचा आणि एक ब्रह्मचर्याचा. म्हणजे राजा तर तो होताच, धर्मासाठी मेला म्हणून हुतात्मा आणि लग्न न करता राहिला म्हणून तिसरा. आता गंमत बघा, यातला एकच मुकुट डोक्यावर घालायचा आहे, बाकीचे दोन स्वर्गात मिळालेले. हुतात्म्याला स्वर्गात मुकुट मिळतो ही कल्पना ख्रिस्ती धर्मात अगदी सुरुवातीपासूनची.

नुसते तीन मुकुट म्हणजे राज्य किंवा राजा. त्यातून बाण गेले की ते मठाचं चिन्ह. बरीच्या मठाचं स्वतःचं चिन्ह हेच होतं, तीन मुकुट आणि प्रत्येकात दोन बाण. म्हणजे १६०६ मध्ये गावाने नवीन काही काढलंच नाही, मठाची ढाल जशीच्या तशी उचलली आणि वर लांडगा बसवला. मला या सगळ्यात हेच सगळ्यात धक्कादायक वाटतं. बंद पडलेल्या मठाची ढाल.

---

उंबरठा

ढालकरी काका, धक्कादायक का? मठ गावातच होता, गाव मठामुळेच वाढलं, त्यांनी चिन्ह घेतलं तर नवल काय? खरंच विचारतेय.

---

वेशीवरचा

उंबरठा ताई, नवल यासाठी की या गावाने आणि मठाने एकमेकांचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता. बाकी पण कुठे ठेवला म्हणा.

गावचा मालक होता मठाधिपती, म्हणजे अ‍ॅबट. बाजार त्याचा, न्यायालय त्याचं, गिरण्या त्याच्या, गावच्या प्रमुखाला मान्यता त्याची लागायची. व्यापारी श्रीमंत होत गेले, लंडनला बघून यायचे की तिथे लोक स्वतःचा कारभार स्वतः करतात, आणि इथे मात्र प्रत्येक गोष्टीला साधूंची परवानगी. शेकडो वर्षं ही धुसफूस चालू होती.

१३२७ च्या जानेवारीत भडका उडाला. राजा दुसरा एडवर्ड नुकताच पदच्युत होत होता, वरती कोणाचं लक्ष नाही, गावकरी मठात घुसले, लूट केली, मठाच्या पेट्यांतले दस्तऐवज पळवले आणि अ‍ॅबटकडून स्वराज्याची सनद जबरदस्तीने सही करून घेतली. वर्षभर हेच. पुढे तर अ‍ॅबटलाच उचलून आधी लंडनला आणि तिथून समुद्रापार ब्रबांटमधल्या डीस्टला नेऊन ठेवलं. मठाचं मोठं दार त्या दंगलीत गेलं. आज गावात जो भव्य अ‍ॅबी गेट दिसतो, ज्याचे फोटो सगळे पर्यटक काढतात, तो त्यानंतर बांधलेला. दिसायला देखणा, कोनाडे कोनाडे, पण ते कोनाडे मूर्तींसाठी आणि मूर्तींच्या मागे बाण मारायच्या फटी. साधूंनी धडा घेतला होता.

मग १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव. जून महिना. देशाचा सरन्यायाधीश सर जॉन कॅव्हेंडिश लेकनहीथला सापडला, त्याचं डोकं उडवलं. मठाचा प्रायर, म्हणजे दोन नंबरचा साधू, जॉन ऑफ केंब्रिज, त्याचंही डोकं उडवलं. दोन्ही मुंडकी भाल्यांवर लावून बरीच्या बाजारात आणली, आणि दोघं जिवंतपणी मित्र होते म्हणून लोकांनी ती मुंडकी एकमेकांजवळ नेऊन कानात कुजबुजतायत, मुका घेतायत असा खेळ केला. इतिवृत्तकारांनीच लिहून ठेवलंय हे.

आता परत चिन्हाकडे बघा. बोलणारं मुंडकं राखणारा लांडगा, त्या गावाचं चिन्ह, ज्या गावाने बाजारात मुंडकी बोलती केली. मी काही थेट संबंध जोडत नाही, लांडगा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पण ही माणसं भोळीभाबडी भक्त नव्हती एवढं कळतं.

---

शिळोप्या

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

---

सरळसोट

वेशीवरचा, मस्त. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो ना? साधूंशी एवढं वैर आणि तरी त्यांचंच चिन्ह, याचा अर्थ त्यांच्यासाठी त्यात धर्म उरलाच नव्हता. निव्वळ ब्रँड.

---

निळीशाई

मला वाटतं उलटं आहे. भांडण साधूंशी होतं, संताशी कधीच नव्हतं. गावकऱ्यांच्या डोक्यात एडमंड त्यांचा होता आणि साधू मधे बसलेले होते.

१५३९ मध्ये मठ बंद झाला तेव्हा गावाला वाटलं असेल आता सुटलो, पण लगेच काही मिळालं नाही. कारभाराची सनद मिळायला पहिला जेम्स गादीवर यावा लागला, १६०६. मधली साठसत्तर वर्षं गिल्डहॉलचे विश्वस्त गावाचा पैसा, शाळा, गोरगरिबांचं वगैरे बघत होते, ते जुन्या कँडलमस गिल्डमधून आलेले, म्हणजे पुन्हा एक धार्मिक संघटनाच, फक्त धर्माचा भाग काढून टाकलेली. तर १६०६ ला ज्या दिवशी हे गाव कायद्याने स्वतःचं मालक झालं, त्या वर्षी त्यांनी ढाल कोणाची घेतली? जुन्या मालकाची. बाजार घेतला, न्यायालय घेतलं, ढालपण घेतली. आधी अ‍ॅबटच्या शिक्क्यावर जे होतं ते आता आमच्या शिक्क्यावर, कारण अ‍ॅबटच्या खुर्चीत आता आम्ही.

नाण्यांचं म्हणत होतो ते हेच. डेन लोकांनी राजा मारला आणि त्याच्या नावाचं नाणं पाडलं. गावाने मठ लुटला आणि मठाचं चिन्ह लावलं. एडमंडचं नशीबच असं की त्याच्या जागेवर हात मारणारा प्रत्येकजण त्याचंच नाव लावतो. आणि सरळसोट, याला मी नुसता ब्रँड म्हणणार नाही. ज्या प्रतीकात लोकांना अजून ताकद वाटते तेच हिसकावून घेतात, मेलेल्या प्रतीकासाठी कोण धडपडतं.

---

रानजाई

निळीशाई, पटलं. पण तुझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे, प्रोटेस्टंट सरकारने हे चालू कसं दिलं?

माझा अंदाज सांगते. ढालीवर काय नाही ते बघ. क्रूस नाही, डोक्यामागे तेजोवलय नाही, प्रार्थना करणारा संत नाही, देवदूत नाही. आहेत मुकुट आणि बाण, दोन्ही राजाच्या आणि युद्धाच्या वस्तू. कोणाला वाचायचं असेल तर 'परकीयांशी लढताना मेलेला इंग्लिश राजा' असं निवांत वाचता येतं. जेम्सला राजा या पदाबद्दल किती प्रेम होतं हे सगळ्यांना माहीत आहे, राजाला देवाने नेमलेलं असतं हे तो स्वतः लिहून छापत होता. राजासाठी त्यात खटकण्यासारखं काहीच नव्हतं.

शिवाय चर्च ऑफ इंग्लंडने एडमंडला पूर्ण हाकललं नव्हतंच. एलिझाबेथच्या काळात प्रार्थनापुस्तकाचं कॅलेंडर सुधारलं तेव्हा बरेच जुने संत काळ्या शाईत परत आले, म्हणजे सुट्टी नाही, पूजा नाही, फक्त नोंद. २० नोव्हेंबरला 'एडमंड, राजा आणि हुतात्मा' त्यात आहे. म्हणजे आठवण ठेवायला बंदी नव्हती, नखं पुजायला होती.

---

ढालकरी

रानजाई ताईंशी सहमत, आणि लांडग्याबद्दल भर घालतो. मूर्ती फोडणाऱ्यांच्या तडाख्यातून प्राणी बऱ्याचदा वाचले. संताचा पुतळा दिसला की हातोडा, पण बाकाच्या टोकाला कोरलेला लांडगा कोण फोडतो. सफोकमध्येच हॅडली गावच्या चर्चमध्ये एका बाकाच्या टोकाला लाकडात हा प्राणी कोरलेला आहे, तोंडात मुंडकं धरून, अजून आहे तिथे.

लांडगाच का, कुत्रा किंवा हरिण का नाही, तर लांडगा हा मेंढरांचा शत्रू. बायबलमध्ये सगळीकडे कळप, मेंढपाळ आणि लांडगा. आता तोच लांडगा, तोही भुकेला, समोर मांस असून खात नाही आणि राखण करतो, म्हणजे देवाच्या आज्ञेपुढे निसर्गाने स्वतःचा स्वभाव सोडला. माणसांनी (डेन लोकांनी) जनावरासारखं वागायचं आणि जनावराने माणसासारखं, हा तो विरोध. चित्रात तो चेहऱ्यावर कसा दाखवायचा हा प्रत्येक चित्रकाराचा प्रॉब्लेम असतो. काही जुन्या चित्रांत लांडगा चक्क पाळीव कुत्रा दिसतो, काहींत जीभ बाहेर काढून असा बसलाय की हेतूबद्दल खात्री वाटत नाही.

---

दूरदेशी

विषय थोडा बाजूला नेतो. आज एखाद्या छोट्या नगरपालिकेने असं काही नव्याने करायचं म्हटलं तर? अमेरिकेत हे कोर्टात गेलंय. इलिनॉयमध्ये मिशिगन सरोवराच्या काठी झायन नावाचं गाव आहे, १९०१ मध्ये जॉन अलेक्झांडर डाउई या धर्मोपदेशकाने वसवलेलं, रोग प्रार्थनेने बरे करतो म्हणणारा. गावाच्या शिक्क्यावर कबुतर, क्रूस, तलवार, मुकुट, राजदंड आणि वर 'देव राज्य करतो' हे शब्द. अर्थ डाउईनेच सांगून ठेवलेला: कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, तलवार म्हणजे देवाचा शब्द, क्रूसात तारण वगैरे सगळं. अपील कोर्टाने १९९१ मध्ये तो शिक्का घटनाबाह्य ठरवला. गावाचा युक्तिवाद होता की हा इतिहास आहे. पण एकाच धर्माचा पुरस्कार होतोय असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

तिथेही मुकुट आणि तलवार, इथेही मुकुट आणि बाण. पण झायनचा शिक्का बनवणाऱ्याने अर्थ लिहूनच ठेवल्यामुळे पळवाट राहिली नाही. बरीच्या ढालीत दोन्ही वाचनं शिल्लक आहेत.

---

टाकसाळे_भाऊ

आणि इंग्लंडमध्ये चर्च आणि राज्य वेगळं नाहीच मुळी, राजा स्वतः चर्चचा प्रमुख. त्यामुळे तिथे हा खटला उभाच राहणार नाही. तुलना तेवढ्यापुरतीच.

---

उंबरठा

चिन्हाखाली काहीतरी लॅटिन लिहिलेलं दिसतंय, ते काय?

---

वेशीवरचा

'साक्रारियुम रेजिस, कुनाबुला लेजिस'. राजाचं समाधिमंदिर, कायद्याचा पाळणा. राजा म्हणजे एडमंड. कायदा म्हणजे मॅग्ना कार्टा. परंपरा अशी की नोव्हेंबर १२१४ मध्ये, एडमंडच्या सणाचं निमित्त साधून, जॉन राजावर चिडलेले सरदार या मठात जमले आणि मुख्य वेदीवर हात ठेवून शपथ घेतली की राजाकडून हक्क लिहून घेतल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्या वर्षी १५ जूनला रनीमीडला सनद झाली. मठाच्या अवशेषांत त्या जागी पाटी आहे.

सरळसोट आता म्हणतील की शपथेची गोष्ट पण एकाच इतिवृत्तकाराची, रॉजर ऑफ वेंडोवरची. बरोबर आहे.

---

सरळसोट

म्हणणारच होतो :)

पण ब्रीदवाक्य हुशार आहे हे मान्य. अर्धं संताला, अर्धं कायद्याला. धार्मिक माणूसही खूश आणि नगरसेवकही.

---

रानजाई

हॉक्सन गावाचं कोणीच काढलं नाही? सफोकमधलंच छोटं खेडं, एडमंड इथेच मेला असा त्यांचा दावा. (दावेदार अजूनही आहेत.) तिथे एक प्रचंड जुना ओक होता, राजाला याच झाडाला बांधलं म्हणायचे. १८४८ मध्ये तो आपोआप कोसळला आणि खोडाच्या आत म्हणे लोखंडी बाणाचं टोक सापडलं. आणि तिथला एक पूल आहे, राजा त्याखाली लपला होता, वरून जाणाऱ्या नवविवाहित जोडप्याला पाण्यात त्याच्या सोन्याच्या टाचकाट्यांची चमक दिसली आणि त्यांनी शत्रूला सांगितलं. राजाने शाप दिला, म्हणून लग्नाची जोडपी त्या पुलावरून जात नसत.

---

शिळोप्या

मुख्य प्रश्न राहिला. शव कुठे आहे? समाधी फोडली तेव्हा आत काय होतं?

---

निळीशाई

सोन्याचांदीचा हिशोब आहे, शवाचा नाही. साधूंनी आधीच काढून लपवलं असं बरेच जण मानतात. एक तर्क असा की मठाच्या जुन्या दफनभूमीत कुठेतरी पुरलं असावं, आणि त्या दफनभूमीवर नंतर सार्वजनिक बाग झाली आणि बागेत टेनिस कोर्टं. त्यामुळे वर्षानुवर्षं इंग्लिश पेपरांत 'संत राजा टेनिस कोर्टाखाली?' अशा बातम्या येत राहतात.

---

ढालकरी

आणि चिन्हाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १९७४ च्या फेररचनेत जुनी बरो (म्हणजे नगरपालिका) गेली, आजूबाजूची खेडी जोडून सेंट एडमंड्सबरी नावाची मोठी बरो झाली, २०१९ मध्ये तीही वेस्ट सफोकमध्ये विलीन झाली. गावापुरती टाउन कौन्सिल आता वेगळी आहे. दोनदा मालक बदलले, मुकुट आणि बाण गावात आहेतच. ज्यांना हेराल्ड्रीत रस वाटला त्यांनी ग्लासगोचं चिन्ह बघा, मासा, अंगठी, घंटा, झाड आणि पक्षी, सगळे सेंट मंगोच्या कथांतले. गाव लहान नाही म्हणून इथे घेत नाही, वेगळा धागा काढतो.

---

शिळोप्या

काढाच. पॉपकॉर्न शिल्लक आहे.